ळ असलेलं नाव

पनवेलमध्ये कमळाकर घरत यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जासईकडच्या अकरा कंटेनर यार्डांत गेटपास छापायला ‘कोर्व्हेल’ हा फुकटचा प्रोग्राम वापरतात. तो घरतांनीच बसवून दिला. त्याचा कोड कोणीही बदलावा, कोणालाही वाटावा, असा परवाना आहे. परदेशातली एक संस्था तो सांभाळते.

प्रोग्रामला एक खोड होती. छापताना तो ळचा ल करी. ट्रेलरचालक काळूराम भोईर पासावर ‘कालूराम’ होत आणि आधार कार्डावर काळूराम राहत. ही दोन वेगळी माणसं आहेत, असं गेटवरच्या रखवालदाराचं ठाम मत होतं.

घरतांनी चार दिवस बसून खोड काढली. दुरुस्ती संस्थेकडे पाठवली. आठ महिने झाले, ती ‘तपासणीत’ आहे. तोवर दुरुस्त प्रोग्राम त्यांनी आपल्या साइटवर ‘कोर्व्हेल घरत’ या नावाने ठेवला. पोराला आडनाव लावावं तसं. संस्थेचं पत्र आलं: कोड बदला, वाटा, हरकत नाही. पण बदललेल्या प्रोग्रामला आमचं नाव आणि निळं चिन्ह लावू नका, मागेपुढे काही जोडूनही नाही. तो आमचा ट्रेडमार्क आहे.

“म्हणजे बिघडलेला वाटून दिला तर नाव चालतं, नीट करून दिला तर नाही.” हे घरत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, माउस घ्यायला आलेल्यालाही.

नाव एकशे त्रेचाळीस जागी होतं. त्यांनी ते एकेक करून काढलं, चिन्ह बदललं, प्रोग्रामला ‘गेटपास’ म्हटलं आणि तो यार्डांत बसवला. आठवड्यात जासईच्या यार्डातले कारकून काशीराम ठाकूर यांचा फोन आला.

“कमळाकरशेठ, ते निळं बटण गायब झालं होतं. पण टेन्शन घेऊ नका, मी नेटवरून परत टाकलं.”

“कुठून टाकलंत?”

“ओरिजनल साइटवरून. ओरिजनल ते ओरिजनल.”

त्या सकाळी काळूराम पुन्हा तीन तास गेटवर उभे राहिले.

आता नाव असं हवं होतं, की ते पाहूनच खरा प्रोग्राम ओळखू यावा. घरतांनी ‘काळूराम’ ठेवलं. पासाच्या तळाशी प्रोग्रामचं नाव छापून येतं. तिथे काळूराम दिसलं तरच पास द्यायचा, एवढीच सूचना काशीरामांना दिली. पास बरोबर निघू लागले.

चौथ्या दिवशी खुद्द काळूराम दुकानात आले.

“माजा नाव लावलंस. मना इचारलंस का?”

“दादा, तुमचा पास नीट निघावा म्हणूनच लावलं.”

“पास नीट हाय. पन काल यार्डात परिंटर अडकला, तं काशीराम सगल्यांसमोर बोलतो, कालूरामनी वाट लावली. मी तवा कलंबोलीला टायर बदलत होतो. नाव माजा, तं शिव्या पन मनाच बसनार ना?”

संस्थेच्या पत्रातला दुसरा परिच्छेद जवळजवळ हाच होता. तो घरतांनी आजवर कोणाला वाचून दाखवला नव्हता.

“मग काढू का नाव?”

“ठेव. पन आत काय बदलशील तं आधी मना सांगायचा.”

घरतांनी तेवढं कागदावर लिहिलं आणि पेन पुढे केलं. काळूराम यांच्या गावात ळ कोणी उच्चारत नाही. त्यांनी जसं बोलतात तशी सावकाश सही केली: कालूराम.

घरतांनी सही पाहिली, “दादा, आधारवर आहे तशी करा,” म्हणाले आणि दुसरा कागद काढला.