जावयाची सायकल

नव्या रबराचा वास आला की मंगरूळपीरचं आमचं अंगण आठवतं. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. बाबांचे मित्र आपापल्या सायकली भिंतीला टेकवून एका नव्या सायकलीभोवती जमले होते. "पुरी चेन झाकली राजेहो, धोतर अडकाची भानगडच नाई!" त्यांतला एक म्हणाला. बाबांनी मला सायकलीचं इंग्रजी माहितीपुस्तक वाचून मराठीत सांगायला बसवलं. सायकल माझ्या कॉलेजसाठीच असणार, म्हणून मी उत्साहानं सांगत होते. मग मधली दांडी दिसली. "ही तर पुरुषांची आहे," मी हळूच म्हणाले. "मंग? जावाई काय बायकी सायकलवर बसन?" एक मित्र हसला. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दिवाळीनंतर तुहं लगन हाय. ब्रेकचं सांग." मी सांगितलं. ते पान मला अजून पाठ आहे.