अंगणवाडीच्या भिंतीवरची परी

भाचीला अंगणवाडीत सोडायला गेले, तेव्हा पेंटर भिंतीवर परी रंगवत होता. परीचा चेहरा त्याने सावळा केला होता.

“अहो, परी कुठे काळी असते का?” मदतनीस मावशी म्हणाल्या. “मुलं ओळखायची नाहीत. गोरी करा तिला.”

“तुम्ही पाहिलीय का कधी, मावशी?” तो हसला, पण त्याचा ब्रश थांबला.

माझ्या लहानपणीच्या पुस्तकातली परी गोरी होती. आमच्या घरात वाचायला शिकलेली पहिली मीच, आणि शिकले ते तिच्या गोष्टीसाठी. ते उपकार विसरणार नाही. पण ती आमच्या गल्लीत येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

भाचीने पंखांकडे बोट दाखवलं. “परी!”

मावशींनी एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. मग पेंटरला म्हणाल्या, “बरं, टिकली तरी लावा तिला.”