योस्टला गप्प ठेवायची माझी ड्युटी

मागच्या महिन्यात दुबईत, जेएलटी भागातल्या आमच्या ऑफिसात मला एक वेगळंच काम मिळालं. हेड ऑफिसहून आलेल्या एका माणसाला चार दिवस एका विषयावर बोलू द्यायचं नाही...

माणसाचं नाव योस्ट. नेदरलँड्सचा, साडेसहा फूट उंच, अतिशय गोड स्वभावाचा. तिकडे त्याच्या गावच्या लायब्ररीच्या कमिटीवर तो आहे. या कमिटीने इस्लामवर कडक टीका करणाऱ्या एका लेखकाचं भाषण ठेवलं, लोक चिडले, लायब्ररीने घाबरून भाषण रद्द केलं. मग दुसरे लोक चिडले, की आता आम्ही बोलायचंसुद्धा नाही का? आणि या सगळ्यांचे मेसेज योस्टच्या फोनवर.

हे त्याने एअरपोर्टवरून येताना टॅक्सीतच आमच्या मॅनेजरला सांगून टाकलं. मॅनेजर घामाघूम. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मेधा, तो तुझी जबाबदारी. नो रिलिजन, नो पॉलिटिक्स. आणि सलमाच्या समोर तर अजिबात नाही. खलास."

सलमाताई म्हणजे आमच्या डॉक्युमेंटेशनच्या हेड. मूळच्या श्रीवर्धनच्या, तीस वर्षं दुबईत, पाच वेळा नमाज. गेली अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. माझं मराठी बिघडलं की त्या दुरुस्त करतात.

तर मी कामाला लागले. योस्टचा फोन वाजला आणि त्याने "यू नो, बॅक होम..." अशी सुरुवात केली की मी हवामान काढायचे. दुबईत हवामानावर किती बोलणार हो? उकडतंय, एवढाच विषय. मग मेट्रो काढली, मॉल काढले... तिसऱ्या दिवशी मी त्याला खजुराचे प्रकार समजावत होते. मला स्वतःला दोनच माहीत आहेत.

चौथ्या दिवशी सलमाताईंनीच घोळ केला. "पाहुण्याला नुसती सँडविचं चारताय? चला करामाला, मासे खाऊया." आता नाही कसं म्हणणार...

सुरमई आली, सोलकढी आली आणि योस्टचा फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, सहादा. सलमाताई म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्याने तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली.

"अगो, माझ्या पायाला का मारतेस?" सलमाताईंनी शांतपणे मराठीत विचारलं.

त्या गडबडीत योस्टने सगळं सांगून टाकलं. मी ताटाकडे बघत बसले. काटे काढायच्या निमित्ताने माझी सुरमई पार कुस्करली गेली होती.

सलमाताईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या लेखकाचं पुस्तक वाचलंस का तू?"

"वीस पानं," योस्ट म्हणाला.

"आणि विरोध करणाऱ्यांनी?"

"त्यांनी... बहुतेक कव्हर पाहिलंय."

सलमाताईंनी सोलकढीचा एक घोट घेतला. "बोलू दे ना त्याला. मला वाईट वाटेल, वाटणारच. पण मी पहिल्या रांगेत बसेन आणि त्याला प्रश्न विचारेन. कार्यक्रमच बंद केलात तर मी विचारायचं कुणाला?" योस्टचा चेहरा खुलला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब. स्टेजवर माईक किती ठेवणार होतात?"

"एक."

"तुमच्या कमिटीत मुसलमान किती?"

योस्टने मान खाली घातली. गावात दोन मशिदी आहेत म्हणाला, पण कमिटीत... कुणी नाही. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "मग आधी दुसरा माईक आण," सलमाताई म्हणाल्या आणि त्याला अजून एक तुकडी वाढली.

परतताना मेट्रोत योस्टला सीट मिळाली, आम्ही दोघी उभ्या. सलमाताई मराठीत म्हणाल्या, "चार दिवस बघतेय मी. तू त्याला माझ्यापासून वाचवत होतीस, की मला त्याच्यापासून?"

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मॅनेजरांनी नाही, मी तर नाहीच. शरमेने मी बुर्जुमान ते बिझनेस बे स्टेशनांची नावं वाचत उभी राहिले.

काल योस्टची मेल आली. रद्द झालेलं भाषण शेवटी लायब्ररीत झालं, दोन माईक लावून. दुसऱ्या माईकवर गावातलीच एक नर्स होती, मोरोक्कन घरातली. तिने अख्खं पुस्तक वाचलं होतं, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. लेखकालाच आपली पानं शोधावी लागली. कुणाचंही मत बदललं नाही, दोन्ही बाजू वैतागल्या आणि शेवटी लायब्ररीयनने दिवे बंद करून सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर पार्किंगमध्येही म्हणे वाद चालूच होता...

मेल मी सलमाताईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "त्या नर्सला कमिटीवर घ्या म्हणावं."

अकरा वर्षं मी या बाईच्या भावना जपत आले, मत मात्र कधी विचारलं नाही. आता विचारते. उत्तर लांबलचक असतं, बऱ्याचदा माझ्या मताच्या उलट असतं... आणि तरी रोज जेवणाची सुट्टी कमीच पडते.