हुडकेश्वरचं जहाज

माझ्या साडभाऊंच्या आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्यांदा घडलेली नाही. जे घडलं ते दुसऱ्यांदाच. पहिल्यांदा ते त्यांनी स्वतः घडवून पाहिलेलं असायचं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे ज्याला नुसतं साडू म्हणतात त्याला आमच्याकडे भाऊही जोडतात, आणि तो भाऊ हे गृहस्थ फार मनावर घेतात. त्यांची सारी नोकरी एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात गेली. अधूनमधून भोंगा वाजवून आग लागल्याचं जाहीर करायचं, कामगारांना मैदानात पळवत आणायचं, हजेरी घ्यायची आणि एखाद्या धडधाकट माणसाला जखमी ठरवून स्ट्रेचरवर घालायचं, हे त्यांचं काम. याला ते ड्रिल म्हणत. निवृत्तीच्या वेळी कारखान्याने त्यांना एक जुना, हाताने फिरवायचा भोंगा भेट दिला. तिथेच चूक झाली असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मला विचाराल तर ती फार आधी झाली होती.

मी मुलगी पाहायला नागपूरजवळच्या पारशिवनीला गेलो तेव्हा हे त्या घरचे थोरले जावई होते. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ते कानाशी येऊन म्हणाले, "आरामात बसा गा. काल तुमच्या जागी मी बसलो होतो. खुर्चीचा पाय हालत होता, पोहे तिखट झाले होते. दोन्ही दुरुस्त केलं." मी थक्क. पुढे सासऱ्यांनी मला काही विचारलं, पण माझं उत्तर पुरतं व्हायच्या आतच ते समाधानाने मान हलवायचे, कारण उत्तरं त्यांना कालच मिळाली होती. साडभाऊंनी माझ्या वतीने दिलेली ती उत्तरं माझ्यापेक्षा बरीच चांगली असणार. आपलं लग्न त्या उत्तरांवरच जमलं असा मला आजही संशय आहे, आणि बायको एखाद्या दिवशी माझ्याकडे नुसती पाहत राहिली की मला उगाच अपराधी वाटतं.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी पाठवणीचं ड्रिल केलं. आदल्या संध्याकाळी रिकाम्या लॉनवर मुलीला गाडीत बसवलं, आम्हाला रांगेत उभं केलं आणि "आता निरोप" असं म्हणाले. काय झालं कोण जाणे, आम्ही सगळे असे रडलो की मांडववाले कामं सोडून धावत आले. दुसऱ्या दिवशी खऱ्या पाठवणीला कोणाच्याच डोळ्यांत टिपूस उरला नव्हता. वऱ्हाडी कुजबुजायला लागले, की पोरगी एवढी जड झाली होती का? साडभाऊ मात्र खूश. "पाहा, कोणी घाबरलं नाई. गाडी टायमावर निघाली."

एकदा त्यांच्या नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात मीटरच्या डब्याने खरंच पेट घेतला. त्यांनी भोंगा फिरवला. त्या भोंग्याला सरावलेली सारी गल्ली बाहेर आली, जांभया देत आपापल्या ठरलेल्या जागी उभी राहिली आणि हजेरीची वाट पाहू लागली. धूर दिसत होता, पण साडभाऊंनी या खेपेला धुराचीही सोय केली असावी असा सर्वांचा समज झाला. शेवटी त्यांनी एकट्यानेच वाळूची बादली रिकामी करून ती आग विझवली. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ते काळ्या तोंडाने म्हणाले, "बाकी काही म्हणा साडभाऊ, हजेरी पुरी होती."

या साऱ्या वर्षांत एक गोष्ट बदलली नाही. ड्रिलला एक जखमी लागतोच, आणि घरच्या प्रत्येक ड्रिलमध्ये जखमी असायच्या ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी. आगीत बेशुद्ध पडायचं त्यांनी, भूकंपात पलंगाखाली अडकायचं त्यांनी. आणि भोंगा वाजायच्या वेळी त्या नेमक्या पोळ्या लाटत असायच्या. त्या निमूट पिठाचे हात पुसायच्या, आडव्या व्हायच्या, वाचवल्या जायच्या आणि उठून उरलेल्या पोळ्या करायच्या. कधी काही मागणं नाही, कधी तक्रार नाही. आम्ही याला त्यांचा स्वभाव म्हणायचो. दुसऱ्याच्या गप्प राहण्याला स्वभाव म्हटलं की आपल्यावर काही येत नाही.

म्हणून तर त्या दिवशी सगळे चाट पडलो. शहरात सदर भागातल्या एका प्रवासवाल्याकडून मी सहज एक रंगीत पत्रक आणलं होतं. समुद्रातून फिरवून आणणारं मोठं जहाज, ज्येष्ठ नागरिकांची सहल, जेवणखाण सगळं जहाजावरच. ताईंनी ते हातात घेतलं, खूप वेळ पाहिलं आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "मले इथं जायचं हाय." चित्रात डेकवर खुर्च्या टाकून बसलेलं एक म्हातारं जोडपं होतं, मागे निळाशार समुद्र, आणि पांढऱ्या कपड्यांतला एकजण ट्रेमध्ये चहा घेऊन येत होता. साडभाऊंची तर ओठाशी नेलेली बशी तशीच राहिली. पारशिवनीत जन्मलेल्या बाईला समुद्राची ओढ असायचीच, असं मीच सगळ्यांना समजावून सांगितलं. आठवडाभरात आम्ही दोन जोडपी आणि बागेत फिरायला येणारी आणखी चार अशी सहलीची नोंदणी झाली.

आणि मग टीव्हीवर ती बातमी आली. कुठल्याशा परक्या बंदराबाहेर एक जहाज अडवून ठेवलं होतं. आत कोरोना शिरला होता, आणि आमच्याच वयाची माणसं आपापल्या खोल्यांत कोंडली गेली होती. मी ते पाहिलं आणि टीव्ही बंद केला. बागेतली मंडळी एकेक करून गळू लागली. एकाची मुलगी पुण्याहून फोनवर रडली, दुसऱ्याचा गुडघा अचानक दुखू लागला. तिसरं आणि चौथं जोडपं तर बागेतच येईनासं झालं. उरलो आम्ही चौघं. जाऊ नये हे मला कळत होतं, साडभाऊंनाही कळत होतं. प्रश्न एवढाच होता की ताईंना सांगायचं कोणी?

"तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"मी? येवढ्या वर्षांत तिनं पयल्यांदा काही मांगतलं, अन् मी नाई म्हणू?" आगीला न घाबरणारा हा माणूस माझ्याकडे केविलवाणा पाहत होता. "तुमीच सांगा ना गा. पत्रक तुमीच आणलं."

मी गप्प बसलो. मग बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी तोडगा काढला. ड्रिल! मागच्या खोलीला जहाजातली खोली करायची, ताईंना आत बसवायचं आणि जहाज अडकलं असं जाहीर करून दार लावून घ्यायचं. "हप्ताभर बाहीर निघायचं नाई. बसून बसून तीच कंटाळंल अन् म्हणंल, नको बाप्पा ते जहाज. म्हंजे आपल्याले नाई म्हणायचं कामच नाई." ताई नुसत्या बसून राहणाऱ्या नव्हत्याच. फार तर दोन दिवस टिकतील, असा आमचा हिशेब होता. युक्ती मला पटली, हे मी कबूल करतो. ताईंच्या जिवाची काळजी होतीच, पण मला माझ्या जिवाची त्याहून जास्त होती, आणि नकार त्यांच्या तोंडून आला असता तर मी भित्रा ठरलो नसतो.

साडभाऊ एकदा कामाला लागले की अर्धवट काही करत नाहीत. मागच्या खोलीच्या खिडकीवर त्यांनी निळी ताडपत्री ताणली. उन्हाळा लागायचा होता तरी कूलर काढला, त्यात नवा वाळा भरला आणि समुद्राची हवा खारी असते म्हणून टाकीत दोन मुठी खडेमीठ टाकलं. कारखान्याच्या कार्यक्रमांसाठी शिवलेला पांढरा सदरा-पँट चढवला, मनगटावर रुमाल टाकला. भोंगा वाजला. ताई सवयीने पिठाचे हात पुसत आल्या आणि जमिनीवर आडव्या व्हायला लागल्या.

"अवं, लेटू नको," साडभाऊ म्हणाले. "आज तू जखमी नाई. आज तू प्रवासी हायस."

ताई तशाच अर्ध्या वाकलेल्या थांबल्या. मग त्या सरळ झाल्या, आत गेल्या आणि पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. बाहेरून दार लागलं.

नियमाप्रमाणे जहाजातल्या प्रवाशाला सगळं दाराशी द्यायचं होतं, आणि देणारे होते साडभाऊ. पहिल्या चहात त्यांनी साखरेऐवजी मीठ टाकलं, कारण कूलरसाठी काढलेला डबा ओट्यावर तसाच होता. ताईंनी तो चहा तक्रार न करता परत पाठवला, फक्त म्हणाल्या, "दुसरा आना." भाताचा लगदा झाला, वरण करपलं, पोळ्या तर मी पाहिल्या आहेत. तिसऱ्या दिवशी साडभाऊंनी मला फोन केला. आवाज खोल गेला होता. "साडभाऊ, ते काही कंटाळून नाई राहिली गा. ते तं गाणं म्हणून राहिली." मला धक्काच बसला. ताई गातात हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोने मात्र पाठ फिरवून सांगितलं, "गायची की. पारशिवनीला असताना."

आठवडा संपला तेव्हा आम्ही दोघं नवराबायको तिथे गेलो. साडभाऊंच्या बोटांना तीन ठिकाणी चिंध्या बांधलेल्या, डोळे आत गेलेले. मी पार हादरलो होतो. कारण साडभाऊंच्या ड्रिलचा नियमच होता, तालीम जमली की खरी गोष्ट करायची, आणि ताईंना तर उत्तम जमलं होतं. आता त्या अडकलेल्या जहाजासारख्या एखाद्या जहाजात आम्हाला बसावं लागणार, आणि ते माझ्या गप्प राहण्यामुळे. दार उघडलं. कूलरच्या वाळ्याचा गार वास आला. ताई पलंगावर बसल्या होत्या, केस मोकळे, चेहरा असा की मी ओळखलंच नाही.

"ताई," मी धीर करून म्हणालो, "मी खरं सांगतो. मला भीती वाटते. हे ड्रिल तुम्ही कंटाळावं म्हणून केलं होतं. जहाज रद्द करू या."

ताई हसल्या. "मले काय समजत नाई, भाऊजी? टीवी मी बी पायते. पयल्याच दिवशी समजलं."

"मंग बोलली काहून नाई वं?" साडभाऊ ओरडलेच.

"काहून बोलू? सारा जलम मले जखमी ठेवलं. पयल्यांदा प्रवासी केलं तुमी." त्यांनी उशीखालून ते पत्रक काढलं आणि चित्रावर पुन्हा बोट ठेवलं. या खेपेला मी नीट पाहिलं. बोट समुद्रावर नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतल्या, चहा आणणाऱ्या माणसावर होतं. "मले हे पायजे होतं. समुद्र रायला तं रायला."

माझी बायको माझ्याकडे नुसती पाहत राहिली, आणि यावेळी मला उगाच अपराधी वाटलं असं म्हणता येणार नाही. साडभाऊ मनगटावरचा रुमाल सारखा करून स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. जहाज दुसऱ्या दिवशी रद्द झालं.

पुढे थोड्याच दिवसांत सगळं नागपूर आपापल्या घरात कोंडलं गेलं, आणि त्या गल्लीत तयारी झालेलं घर एकच होतं. दुसऱ्या लाटेत साडभाऊ स्वतः त्या मागच्या खोलीत पडले. ताईंनी दाराशी ताट ठेवलं, भोंगा फिरवला आणि बाहेरून ओरडल्या, "आता तुमी जखमी. लेटून राहा!" फोनवर हे सांगताना त्या हसत होत्या, आणि हसताहसता फोन ठेवून दिला. साडभाऊ त्यातून उठले, पण पहिल्यासारखे नाही. भोंगा आता माळ्यावर आहे. मिठाने गंजलेला कूलर मात्र त्यांनी बदलू दिला नाही.

जहाजं पुन्हा सुरू झाली. सदरच्या प्रवासवाल्याचा फोन आला होता, तुमचं काय ठरलं म्हणून. साडभाऊ म्हणाले, "आमची तालीम चालू हाय." खरंच चालू आहे. दुपारी चारला मागच्या खोलीत कूलर लागतो, ताई पाय वर घेऊन बसतात, आणि पांढऱ्या सदऱ्यातले साडभाऊ ट्रे घेऊन निघतात. मीही घरी करून पाहिलं. पहिल्या दिवशी मी साखर कुठे असते हे विचारायला बायकोला तीनदा उठवलं. आता दोनदा उठवतो.

मागच्या रविवारी आम्ही तिथे होतो. स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत जेमतेम दहा-बारा पावलं, पण साडभाऊंचे हात आता कापतात. कप बशीवर वाजत होता. मी उठायला गेलो तर ताईंनी डोळ्यांनीच मला बसवलं. ते आले, वाकले, ट्रे पुढे केला. अर्धा चहा बशीत सांडला होता. ताईंनी बशीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आज समुद्र लय खवळला वाटते, कॅप्टन."

"हो मॅडम," साडभाऊ धाप टाकत म्हणाले. "पण जहाज पक्कं हाय."

ताईंनी दोन्ही हातांनी बशी उचलली आणि एक थेंबही न सांडता सगळा चहा पिऊन टाकला.