बँडच्या कोटाची पर्स

मी पुलगावहून पॅसेंजरने वर्ध्याच्या कॉलेजात जायला लागले, त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. ती गिरडकडची. रुखवतात शिवणाचं हातमशीन घेऊन आली होती, आणि दुपारी जरा रिकामी झाली की तिचे हात वळवळायचे.

आमच्या शेजारचे काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. ऐंशी साल उजाडायच्या सुमारास त्यांच्या बँडने निळे कोट शिवले. जुन्या लाल कोटांचा ढीग काकांच्या ओसरीवर पडला आणि काकू तो देऊन भांडेवालीकडून पातेलं घ्यायला निघाल्या. वहिनी पदर सावरत धावतच गेली.

"काकू, ते कोट मले द्या ना!"

"काय करता सूनबाई याचं? काखेत सारे फाटले हायेत."

"बाह्या तं चांगल्या हायेत ना!"

काकूंना पातेल्याऐवजी वहिनीने माहेरची पितळी परात दिली आणि कोट घरी आणले. रिठ्याच्या पाण्यात ते दोनदा धुतले तरी पाणी लालच निघालं. वाळल्यावर तिने एकेक टाका उसवला. बाहीची पर्स झाली. सोनेरी फीत लावलेला मनगटाकडचा भाग झाकणावर आला, वर पितळी बटण, आत बाबांच्या जुन्या धोतराचं अस्तर. पहिली पर्स तिने माझ्या खांद्याला अडकवली आणि मला गोल फिरवून पाहिलं.

कॉलेजात मुली माझ्याभोवती जमल्या. "नागपूरहून आणली का वं?" वहिनीने शिवली म्हटलं तर कुणाला पटेना. मग रविवारी चौघीजणी खात्री करायला घरीच आल्या. त्या जेवून गेल्या आणि जाताना आपापली पर्स सांगून गेल्या.

त्यातल्याच एकीच्या बहिणीचं लग्न नालवाडीला होतं. आम्ही पाचही जणी लाल पर्सा लावून मांडवात उभ्या, वहिनीही सोबत. वरात दारात आली. पुढे निळ्या कोटातले काका गाल फुगवून वाजवत होते. त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली आणि क्लॅरनेट एकदम चीं करून गप्प झालं. ढोलवाला एकटाच बडवत राहिला.

जेवणं आटोपल्यावर काका बँडमधल्या सगळ्यांना घेऊन आले.

"पोरी, दाखव बरं. हे माही बाही व्हय ना?"

त्यांनी पर्स उलटी केली. कुठल्याशा वरातीत अनाराच्या ठिणगीने जळालेल्या भोकावर वहिनीने फितीचं फूल बसवलं होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "माहीच हाय!" मग प्रत्येकजण आपली बाही शोधायला लागला. ढोलवाला आणि झांजवाला एकाच पर्सवर अडून बसले. नवरीची बहीण हसता हसता खाली बसली. वहिनी लाजून खांबाआड गेली होती, तिला मी ओढून पुढे आणलं.

"सूनबाई," काका म्हणाले, "पोरीयले सारं केलं, मले काऊन काई नाई?"

"तुमाले काय पायजे, सांगा ना काका."

"माह्या क्लॅरनेटले एक पिशवी शिवून देजो. उघडंच घेऊन फिरतो."

दोन कोटांच्या पाठी चांगल्या उरल्या होत्या. वहिनीने त्यांची लांब पिशवी शिवली, आत कापूस घातला, कडेने उरलेली सगळी फीत लावली. काका ती घ्यायला आले तेव्हा क्लॅरनेट सोबतच होतं. त्यांनी ते पिशवीत ठेवलं, पुन्हा काढलं आणि आमच्या अंगणात उभ्या उभ्या एक गाणं वाजवलं. गल्लीतली पोरं लग्न आहे समजून नाचायला आली.