मेंदीवाली घोडी

डॉ. सारिका खरातांना लोक तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ढोराची डॉक्टरीण. दोन्हीचं त्यांना काही वाटत नसे. डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टींनी. उंद्रीचा दवाखाना त्यांचा, आणि शेजारच्या दोन दवाखान्यांना डॉक्टर नाही म्हणून तेही त्यांचेच. कागदावर 'तात्पुरता पदभार' असं लिहिलं होतं. त्या तात्पुरत्याला आता पाच वर्षं झाली होती. अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढत असताना नेमका फोन वाजायचा आणि आज किती जनावरांच्या कानात बिल्ले मारले ते विचारायचा. "हात म्हशीच्या पोटात आहे साहेब, बिल्ले कशाने मोजू?" असं त्या एकदा बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांशी उद्धट बोलल्याचं पत्र टेबलावर हजर.

बाई मूळच्या सुलतानपूरच्या. वडील माणिकराव शाळेत शिपाई. लेक माणसांची डॉक्टर होणार असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. नंबर लागला जनावरांच्या कॉलेजात. तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "माणसाचा डॉक्टर चुकला त माणूस बोंबलते तरी. जनावर कोणाले सांगन? तू चुकू नको बाई."

वीस वर्षं त्यांनी ते पाळलं. मग त्या चुकल्या. आणि चुकल्या त्या घोडीच्या पायाच्या मेंदीपायी.

झालं असं, की शेजारच्या जिल्ह्यात एका घोड्याला ग्लँडर्स निघाला. घोड्याच्या नाकातून घाण वाहते, अंगावर गाठी फुटतात, माणसालाही लागण होऊ शकते, आणि औषध नाही. घोडं रोगी निघालं की ते मारायचं, असा कायदाच आहे. वरून हुकूम आला, हद्दीतल्या सगळ्या घोड्यांचं रक्त तपासा. पुण्या-मुंबईच्या रेसच्या घोड्यांना पासपोर्ट असतो, कातडीखाली चिप असते. उंद्रीत घोडी म्हणजे वरातीची घोडी; तिला कुठली चिप? तिच्या फॉर्मवर घोड्याचं एक कोरं चित्र छापलेलं असतं, आणि अंगावरचे भोवरे, ठिपके, डाग बघून डॉक्टरने त्यात भरायचे असतात.

उकंडरावांकडे दोन घोड्या होत्या, मैना आणि छकुली. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, अंगावर नावाला डाग नाही. त्या दिवशी अकरा घोडी उरकायची होती, खोक्यातला बर्फ पाणी व्हायला लागला होता, मैना उभी राहायला तयार नव्हती, आणि बिल्ल्यांचा फोन दोनदा येऊन गेला होता. मैना का उधळते असं विचारलं, तर उकंडराव हसून म्हणाले, "आता कायची वरात तिची! डीजे वाजला का बिचकते. मागच्या साली नवरदेवाले उकिरड्यात पाडलं तिनं. आता समदं छकुलीच ओढते."

भोवरे शोधायचे म्हणजे एकेका घोडीवर अर्धा तास. दवाखान्याचा परिचर देवानंद नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होता. तो म्हणाला, "मॅडम, एकीच्या पायाले मेंदी हाये, एकीच्या नाही. तेच लिहून टाका न." वरातीच्या घोडीचे पाय गुडघ्यापर्यंत मेंदीने रंगवायची इकडची रीतच आहे. बाईंनी लिहिलं: नळी एक, मेंदीवाली घोडी. नळी दोन, बिनमेंदीची. फोटोही काढले, पण नुसत्या तोंडांचे.

सतरा दिवसांनी अहवाल आला. नळी एक, ग्लँडर्स.

बाई देवानंदला घेऊन उकंडरावांच्या गोठ्यात गेल्या आणि दारातच थबकल्या. दोन्ही घोड्यांचे आठही पाय मेंदीने लालभडक. मधल्या दिवसांत उकंडरावांच्या पुतणीचं, प्रतीक्षाचं, लग्न झालं होतं. त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, घमेलंभर मेंदी भिजवली होती. "घरचं लग्न," त्या कौतुकाने सांगत होत्या, "एकीले लावावं आन दुसरीले कोरडं ठेवावं, बरं दिसते काय?"

आपण काय करून बसलो ते बाईंना त्या क्षणी कळलं. त्यांनी उकंडरावांना सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, "रक्त घेतलं तेव्हा मेंदी कोणाच्या पायाला होती?"

उकंडराव क्षणभरही थांबले नाहीत. "मैनेच्या. मैनाच होती."

सरस्वतीबाई उठल्या आणि घरात गेल्या.

बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मैना अठरा वर्षांची, छकुली सहाची. मैनेला इंजेक्शन दिलं की अहवाल पूर्ण, साहेब खूश, उकंडरावांची कमावती घोडी शाबूत. फक्त रोग गोठ्यात राहिला असता, आणि पुढच्या प्रत्येक वरातीबरोबर गावोगाव हिंडला असता.

"उकंडराव," बाई म्हणाल्या, "मैना वरातीले जातच नाही म्हणाले होते तुम्ही. मग तिले मेंदी काऊन लावली होती?"

उकंडरावांनी मान खाली घातली, पण हट्ट सोडला नाही. "मले काय इचारता? लिहून तुम्ही घेतलं. चूक तुमची आन घोडी माही!"

बाईंना राग उकंडरावांवर यायला हवा होता, तो आला स्वतःवर, त्या फोनवर, वितळणाऱ्या बर्फावर. त्यांनी साहेबांना फोन लावला आणि दोन्ही घोड्यांचं रक्त पुन्हा पाठवते म्हणून सांगितलं.

"पुन्हा कशाला? अहवालात एक घोडी आहे, एक मारा. संध्याकाळपर्यंत पूर्तता कळवा."

"कोणती मारू?"

"ते तुमचं काम."

"म्हणूनच पुन्हा पाठवते," असं म्हणून बाईंनी फोन बंद केला. या वेळी एकेका घोडीला अर्धा नाही, पाऊण तास दिला. छकुलीच्या कपाळावर दोन भोवरे निघाले, मैनेच्या एकच, आणि मानेवर एक. हे तेव्हाच अर्ध्या तासात झालं असतं, या विचाराने त्या स्वतःवरच चरफडत होत्या. दोन्ही घोड्या लांब लांब बांधायला लावल्या, पाणी वेगळं, दाणा वेगळा, वराती बंद. ऐन लग्नसराईत उकंडरावांचं दार ओस पडलं. ते बाईंशी बोलेनासे झाले. बाई तरी रोज सकाळी जात, दोघींची नाकं तपासत आणि परत येत. विलंब का झाला याचा खुलासा मागणारी नोटीस आली, तिचं उत्तर त्यांनी चार ओळींत लिहिलं: चूक माझी आहे, ती निस्तरायला वेळ लागतो आहे.

दुसरा अहवाल आला. मैना निरोगी. छकुलीला ग्लँडर्स.

वावराच्या कडेला खड्डा खणला, चुन्याची पोती आली. बाई पोचल्या तेव्हा उकंडराव छकुलीला धरून उभे होते. मैना लांब लिंबाखाली होती. तिच्या पायांची मेंदी विटून फिकी पडली होती. छकुलीचे पाय मात्र ताजे, ओले, लाल.

"हात लावू नका म्हटलं होतं ना तुम्हाले!" बाई ओरडल्या.

"थैल्या घालून लावली हातात," उकंडराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते बोलत होते. "सकायीच लावली. हिलेच लावली, मैनेले नाही. हेच होती मॅडम, पयल्यापासून हेच होती. आता चुकू नका."

सारिकाबाईंनी तरीही छकुलीच्या कपाळावरचे दोन भोवरे बोटाने चाचपून पाहिले, आणि मगच सुई हातात घेतली.