स्पिरिटचा बोळा

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, तोच सरांनी स्पिरिटचा बोळा घेतला. भिंग पुसलं. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हं, पुढचा."

माझ्याआधी सात जणांनी डोळा लावला होता. तेव्हा बोळा बाटलीशेजारी कोरडाच पडला होता.

नाशिकला कॉलेज रोडवर सरांचा बंगला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांचा बारावी बायॉलॉजीचा क्लास नावाजलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"मध्ये सगळं आलं.

जिवाणू शिकवताना हेच सर सांगायचे, जिवाणू प्रत्येकाच्या अंगावर असतात. हातावर, जिभेवर, पापणीवर. पण बोळा निघायचा तो माझ्याच पापणीसाठी. वा रे विज्ञान!

बाबा अंबडला कारखान्यात हेल्पर. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टर व्हायचंय ना? मग परीक्षेपर्यंत गिळ."

गिळलं. आमच्या कॉलेजातला सूक्ष्मदर्शक कायम कपाटात कुलूपबंद. बघायला मिळायचं ते इथेच. म्हणून चार महिने गिळलं.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि सरांनी रामकुंडाचं तीर्थ आणलं. प्रत्येकाच्या तळहातावर पळी टेकवून दिलं. माझ्या हातावर वीतभर वरून. अर्धं ओढणीवर सांडलं.

"पिऊन टाक. यश येतं."

सकाळपासून हजार माणसं ज्यात बुडून निघतात, अस्थी सोडतात, ते पाणी हा जिवाणूंचा मास्तर न उकळता पोरांना पाजत होता. मला त्याची कीव नाही आली. किळस आली.

मी प्यायले नाही. हातातलं काचपट्टीवर ओतलं, वर पातळ काच ठेवली, भिंगाखाली धरलं. ठिपके नुसते वळवळत होते.

"सर, बघा."

आणि सरांनी खरंच डोळा लावला. शिकवायची सवय, दुसरं काय! बराच वेळ मान वर झाली नाही.

झाली तेव्हा मी बोळा उचलला. स्पिरिटमध्ये बुडवला. त्यांच्यासमोर भिंग पुसलं. एकदा, दोनदा.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

"उद्यापर्यंत कशाला थांबू? आत्ताच निघते."

घरी आले. बाबांनी चेहरा बघितला आणि ओळखलं. "क्लास गेला?"

"गेला. परीक्षा देणार. पण बाबा, गिळणार नाही. आता नाही, आणि डॉक्टर झाल्यावरही नाही."